आपल्या मराठवाड्यात लुथरन का नाहीत? (की आहेत?)

जालन्याचं_बियाणं
मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी बियाण्याच्या कंपनीत आहे, मे-जून आला की महिन्यातले पंधरा दिवस बैतूल, मुलताई, छिंदवाडा असं फिरणं असतं. मागच्या जूनमध्ये रात्री बैतूल सोडून इटारसीकडं निघालो तर आमच्या ड्रायव्हरच्या पोटात अशी कळ आली की गाडी कडेला लावून तो स्टिअरिंगवरच पालथा पडला. मला तर गाडी धड चालवता येत नाही, कशीबशी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर पाढरच्या दवाखान्यात नेली. अपेंडिक्स निघालं. तीन दिवस मी बाहेरच्या बाकावर. शेजारी एक गोंड आजी, नातवाला घेऊन आलेली, तीन विटांवर चूल मांडून भाकरी थापायची आणि न विचारता एक माझ्याही हातावर ठेवायची. सकाळी ओपीडी उघडायच्या आधी कुणीतरी दोन मिनिटं वाचायचं, प्रार्थना म्हणायचं, मग नंबर पुकारायला सुरुवात. बाकी धर्माबिर्माचं कुणी काही विचारलं नाही.
तिथं समजलं की हा दवाखाना इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन मध्य प्रदेशचा. आता चर्च मी जालन्यात लहानपणापासून बघतोय, पण लुथरन हा शब्द इकडं कधी ऐकला नाही. वर्गातला एक ख्रिश्चन मित्र आहे त्याला फोन केला तर तो म्हणे ते मार्टिन लूथर किंगचं असेल!! तर प्रश्न असा की हे लुथरन कोण, जगात करतात काय, आणि बैतूलपर्यंत आले तर चार पावलं पुढं आपल्याकडं कामून नाही आले?

वरणफळ
मार्टिन लूथर किंगचं चर्च, हाहाहा. मित्राला माझा नमस्कार सांगा.

ग्रंथखिडकी
हसू नका, मित्र अर्धा बरोबर आहे. किंगच्या वडिलांचं मूळ नाव मायकल, 1934 साली ते जर्मनीला जाऊन आले, तिथं लूथरच्या गोष्टी ऐकून भारावले आणि स्वतःचं आणि पोराचं दोघांचं नाव बदलून टाकलं. पण ते बाप्टिस्ट (ख्रिस्ती लोकांतलाच वेगळा पंथ), लुथरन नव्हे.
मूळ लूथर (1483 ते 1546) हा जर्मन संन्यासी आणि विद्यापीठातला प्राध्यापक. पैसे भरा, पापाच्या शिक्षेत सूट घ्या अशा चिठ्ठ्या तेव्हा विकल्या जायच्या, त्याच्याविरुद्ध त्यानं 31 ऑक्टोबर 1517 ला विटेनबर्गमध्ये 95 मुद्दे मांडले. देवाची कृपा विकत मिळत नाही, कर्मकांडानं कमवताही येत नाही, ती फुकट आहे आणि माणसानं फक्त विश्वास ठेवायचा, हे त्याच्या म्हणण्याचं सार. 1521 ला बादशहासमोर उभं करून शब्द मागं घे म्हटलं, घेतले नाहीत. मग लपून बसला आणि लपल्या जागी नवा करार साध्या जर्मनमध्ये आणला, पूर्ण बायबल 1534 ला. बाजारात बायका आणि पोरं कशी बोलतात ते ऐकून भाषांतर करा असं तो म्हणायचा.

पैठणचा_नाथभक्त
1534 म्हणजे आमचे नाथमहाराज तेव्हा पाळण्यात असतील, जन्म 1533 धरतात. इकडं पैठणला संस्कृतातलं मराठीत आणण्यावरून पंडितांची कटकट, तिकडं लॅटिनमधलं जर्मनमध्ये आणण्यावरून. एकाच शतकात दोन टोकाला एकच भांडण, मला तर लई गंमत वाटली.

ग्रंथखिडकी
गंमत आहे पण फार ताणू नका नाथभक्त. नाथांनी वेगळा पंथ काढला नाही. आणि लूथरनं भाषांतर मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलं, लॅटिनवरून नाही.

पैठणचा_नाथभक्त
बरं बुवा. तुमच्यापुढं वाक्य लिहायचं म्हणजे आधी वकील करावा लागतो.

रोखठोक_नांदेडकर
इतिहास चांगला आहे, पण धागाकर्ते भाबडे वाटतात. दवाखाना काढायचा, शाळा काढायची, मग हळूच प्रार्थना ऐकवायची, हा जुना फंडा आहे. आदिवासी पट्ट्यातच का जातात हे लोक? मलबार हिलला का नाही जात? सेवा हे आमिष असतं, मान्य करा न करा.

वरणफळ
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लातूरचा_बाप्पा
नांदेडकर, मी किल्लारीजवळचा. 30 सप्टेंबर 1993 ला मी सहावीत होतो, गणपती बुडवून घरचे झोपले ते अर्धे उठलेच नाहीत. त्यानंतर आमच्याकडं मंदिरवाले आले, चर्चवाले आले, गुरुद्वारावाले आले, मिलिटरी आली. पत्र्याचं शेड कुणी दिलं, घोंगडी कुणी दिली ते माझ्या आईला आजपण सांगता येत नाही आणि ज्यानं दिलं त्यानं विचारलं पण नाही. आई म्हणती, पत्रा तापायचा लई, बाकी काही तक्रार नाही. आमचं कुळ अजून खंडोबाचंच हाय. सगळीकडं असंच होतं असं म्हणून नाही राहिलो, माझ्या डोळ्यासमोरचं सांगूलालो.

सलाम_जालना
मी सहसा लिहीत नाही, वाचते फक्त. पण आमिष शब्द आला की राहवत नाही. आमचे पणजोबा जालन्याच्या बाजूच्या बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं गाव ते, शेषाद्री स्वतः ब्राह्मण, 1843 ला ख्रिस्ती झालेले, स्कॉटिश मिशनचे. आमचे लोक तिथं का गेले असं आजीला विचारलं तर ती म्हणायची, विहिरीला हात लावू द्यायचे म्हणून. आता पाण्याला आमिष म्हणायचं असेल तर म्हणा, मग ते दाखवायची वेळ ज्यांनी आणली त्यांच्याबद्दल पण एक ओळ लिहा.
धागाकर्त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही यातच आहे. जालन्यात स्कॉटिश होते, नगरकडून अमेरिकन मराठी मिशन होतं (कवी रेव्ह. ना. वा. टिळक त्यांच्याकडचे), औरंगाबादकडं इंग्रजांचं सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी), खाली लातूर-उदगीर-बीदरकडं मेथडिस्ट. एकमेकांच्या इलाख्यात पाय टाकायचा नाही असं ही मिशनं आपसात ठरवून घेत. लुथरन लोकांच्या वाट्याला तमिळ, तेलुगू, छोटा नागपूर, संथाळ, जयपूर (ओडिशातलं, राजस्थानातलं नव्हे) आणि वरचं बैतूल-छिंदवाडा आलं. मराठी मुलूख आधीच वाटून झाला होता.

जालन्याचं_बियाणं
ताई, बेथेल माझ्या घरापासून लांब नाही आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. लाज वाटली थोडी.

मोडी_वाचक
मराठी मुलूख नसेल वाट्याला आला, पण मराठी राजा आला होता! पहिले लुथरन मिशनरी भारतात उतरले ते 9 जुलै 1706 ला तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला, त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाऊ. माणसं जर्मन, पाठवणारा डेन्मार्कचा राजा, कारण ते ठाणं डॅनिश लोकांचं. आणि डॅनिश लोकांना ती जागा दिली होती तंजावरच्या नायकानं. त्सीगेनबाल्ग पोरांबरोबर वाळूत बोटानं अक्षरं गिरवून तमिळ शिकला असं सांगतात, 1715 ला तमिळ नवा करार छापून बाहेर. 1719 ला गेला बिचारा, चाळिशीसुद्धा गाठली नाही.
आता मराठी भाग. याच मिशनमध्ये पुढं श्वार्ट्झ नावाचा पाद्री आला. तंजावरचे तुळजाजी राजे भोसले 1787 ला वारले, त्याआधी दत्तक पोरगा सर्फोजी याला त्यांनी श्वार्ट्झच्या भरवशावर टाकलं. गादीच्या भांडणात पोराच्या जिवाला आणि शिक्षणाला जपलं ते या पाद्र्यानं. 1798 ला श्वार्ट्झ गेला, त्याच्या शेवटच्या आजारपणात सर्फोजी भेटायला आला होता, आणि पुढं सर्फोजीनं इंग्लंडचा शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारक करून घेतलं. मी ते तंजावरला पाहिलंय. बिछान्यावर म्हातारा आणि त्याचा हात धरून उभे आपले मराठा राजे, डोक्यावर पगडी. बाहेर 40 डिग्री होतं, मी आत अर्धा तास उभा राहिलो, काही कारण नसताना घसा दाटला. आणि नांदेडकर, नोंद घ्या, सर्फोजी शेवटपर्यंत हिंदूच राहिला. पाद्र्याच्या मांडीवर वाढून पण. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा एवढा मोठा मराठी शिलालेख कोरून घेतला तो यानंच.

रोखठोक_नांदेडकर
सर्फोजीचं माहीत नव्हतं, चांगली माहिती. पण एका राजाच्या उदाहरणानं नियम होत नाही. राजाला आमिष लागतच नाही ना.

ग्रंथखिडकी
बारीक शंका, श्वार्ट्झ नंतर एसपीसीके या इंग्रजांच्या धर्मप्रसार संस्थेच्या पगारावर होता. मग त्याला लुथरन म्हणायचं का?

मोडी_वाचक
दीक्षा कोपनहेगनची, शिक्षण हाल्लेचं, पगार लंडनचा. आमच्या कॉलेजात संस्था एकाची, अनुदान सरकारचं आणि प्राचार्य तिसऱ्याच पक्षाचे असतात, तरी कॉलेज चालतंच की.

सलाम_जालना
मोडीवाचक, स्मारक सुंदर असेल, पण तंजावर-तरंगंबाडीची दुसरी बाजू पण सांगा. त्याच मंडळ्यांत वरच्या जातीचे एका बाजूला आणि परैयर (तमिळ दलित) दुसऱ्या बाजूला बसायचे. पुढं एकोणिसाव्या शतकात जर्मनीचं लाइपझिग मिशन आलं, त्यांनी तर जात ही सामाजिक रीत आहे, चर्चनं त्यात जोर लावू नये अशी भूमिका घेतली, बाकीची मिशनं त्यावरून त्यांच्याशी भांडली. कृपा फुकट, पण बसायची चटई वेगळी!! आमच्याकडं मराठीत काय कमी झालं असं नाही, लग्न जमवताना आजपण कळतं कुणाचे पणजोबा कोण होते.

मिलिंदचा_माजी
सलामताई, हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. आम्ही छप्पनला बुद्धाकडे वळलेल्यांची पोरं, मिलिंद कॉलेजात शिकलेली. बाबासाहेबांनी सगळे धर्म तपासले तेव्हा ख्रिस्ती लोकांतली जात त्यांना दिसली होतीच. आणि लूथरबद्दल बोलताना 1525 विसरू नका. जर्मनीतले शेतकरी त्याचंच ऐकून उठले तर यानं सरदारांना सांगितलं, मारा यांना. आणि 1543 ला ज्यूंविरुद्ध जे लिहिलं ते वाचवत नाही, हिटलरच्या लोकांनी ते पुढं काढून वापरलं.

उदगीर_ते_हॅम्बर्ग
मी इथं सहा वर्षं आहे, म्हणून दोन शब्द. ज्यूंबद्दलचं लिखाण आम्हाला मान्य नाही असं जागतिक लुथरन फेडरेशननं 1984 ला जाहीर सांगितलंय. उशीर झाला म्हणाल तर झालाच. पण हिटलरच्या काळात बोनहोफर नावाचा लुथरन पाळकच त्याच्याविरुद्धच्या कटात सामील होता, 9 एप्रिल 1945 ला फासावर दिला त्याला, युद्ध संपायला महिना राहिला होता फक्त. त्याला गांधीजींकडं यायचं होतं, 1934 ला पत्रव्यवहारही झाला, येणं मात्र राहून गेलं. आणि 9 ऑक्टोबर 1989 ला लाइपझिगच्या निकोलाय चर्चमधून सोमवारच्या प्रार्थनेनंतर लोक मेणबत्त्या घेऊन बाहेर पडले, रस्त्यावर 70 हजारांचा जमाव, पोलीस बघत राहिले, महिन्याभरात बर्लिनची भिंत गेली.
आता हसण्यासारखं. इथं पत्ता नोंदवायला गेलं की फॉर्मवर धर्म विचारतात. माझ्यासोबतच्या एका केरळी मित्रानं अभिमानानं ख्रिश्चन लिहिलं, पहिल्या पगारातून चर्च टॅक्स कापला! इन्कम टॅक्सच्या 9 टक्के, बव्हेरियात 8. मी पंढरीचा वारकरी, रकाना रिकामा सोडला, वाचलो. आणि इतका टॅक्स भरून रविवारी चर्चमध्ये बघावं तर पंधरा म्हाताऱ्या आणि एक ऑर्गन वाजवणारा. 31 ऑक्टोबरला हॅम्बर्गमध्ये 2018 पासून सुट्टी आहे, तेवढी मात्र सगळे श्रद्धेनं पाळतात.

वरणफळ
कृपा फुकट, टॅक्स 9 टक्के.

ग्रंथखिडकी
उदगीरकर म्हणतात ते खरं, पण म्हणून लुथरन संपले असं नाही, त्यांचं गाव बदललं. फेडरेशन 1947 ला स्वीडनच्या लुंडमध्ये सुरू झालं, युद्धातले निर्वासित हेच तेव्हा मोठं काम, ऑफिस जिनिव्हाला. आज साडेसात कोटींच्या वर माणसं त्यात मोजतात आणि सगळ्यात मोठं सदस्य चर्च जर्मनीतलं नाही, स्वीडनचं पण नाही, ते इथिओपियातलं मेकाने येसूस, एक कोटीच्या पुढं. टांझानिया पण तसंच तगडं.
आणि बियाणंराव, गंमत बघा. तुमच्या बैतूलकडं 1877 च्या सुमारास जे स्वीडिश मिशन आलं, तेच त्याच्या अकरा वर्षं आधी तांबड्या समुद्राच्या काठी उतरलं होतं. तिथं ओनेसिमोस नेसिब नावाचा ओरोमो माणूस, लहानपणी गुलाम म्हणून विकलेला, सोडवलेला, स्वीडनमध्ये शिकला आणि त्यानं अख्खं बायबल ओरोमो भाषेत आणलं, 1899 ला छापलं. सोबतीला आस्तेर गन्नो नावाची मुलगी, ती पण गुलामीतून सुटलेली, शब्द न शब्द तिनं जमवलेले. नाथभक्त, तुमची भाषेची गोष्ट इथं खरी जुळते.
झारखंडात दुमक्याकडं संथाळ आदिवासींत आलेला स्क्रेफ्सरूड तर नॉर्वेत चोरीबद्दल तुरुंगात बसून आलेला, त्यानं 1873 ला संथाळीचं व्याकरण लिहिलं.

लातूरचा_बाप्पा
जेलात बसून आलेला माणूस व्याकरण लिहूलाला, आणि आमचे व्याकरणाचे मास्तर ऐकले असते तर आम्ही जेलात गेलो असतो.

खवय्यी_अंबाजोगाई
अवांतर: पाढरला त्या आजीनं भाकरी कशाची दिली होती? कोदो-कुटकी का मका? रेसिपी असेल तर टाका.

जालन्याचं_बियाणं
मक्याची होती. सोबत टमाट्याची चटणी, निखाऱ्यावर भाजून मीठ-मिरची घालून दगडानं ठेचलेली. रेसिपी एवढीच.

संपादक
कृपया विषयाला धरून लिहा. (चटणी नोंदवली आहे.)

रोखठोक_नांदेडकर
मी अजून माझ्या मुद्द्यावर आहे. व्याकरणं लिहिली, दवाखाने बांधले, कौतुक आहे. पण व्याकरण कशासाठी लिहिलं तर बायबल पोचवायला. हेतू लपवलेला नाही एवढंच म्हणेन.

सलाम_जालना
हे मान्य. हेतू लपवलेला नव्हता, ते स्वतःच सांगायचे. याला मी हरकत घेणार नाही.

मिलिंदचा_माजी
हेतूपलीकडं एक गोष्ट, लोकांनी त्या भाषेचं पुढं काय केलं. नामिबियात 1971 ला दोन काळ्या लुथरन चर्चच्या पुढाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला उघड पत्र लिहिलं, तुमचं राज्य आम्हाला नको. ज्यांना शिकवलं त्यांनीच गोऱ्यांना वाचून दाखवलं. पुढं 1984 ला फेडरेशननं दक्षिण आफ्रिकेच्या भागातल्या दोन गोऱ्या चर्चचं सदस्यत्व निलंबित केलं, कारण वर्णभेद सोडायला तयार नव्हते. स्वतःच्या घरातल्यांना बाहेर उभं करायला हिंमत लागते. तेच चटईच्या बाबतीत तंजावरला का नाही केलं हा माझा प्रश्न तसाच आहे.

बीडची_वकीलीण
पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाचं, तिथल्या गृहयुद्धाचं कुणीच नाही लिहिलं. 29 जुलै 1990 ला मनरोव्हियाच्या सेंट पीटर्स लुथरन चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या सुमारे 600 लोकांना सैनिकांनी मारलं. त्याच चर्चमध्ये पुढं लेमा बोवी नावाची बाई युद्धातून आलेल्या पोरांबरोबर काम करत होती. तिनं ख्रिश्चन आणि मुस्लिम बायका एकत्र केल्या, पांढरे कपडे, मासळीबाजाराजवळ उन्हात रोज बसायचं. 2003 ला घानात तहाची बोलणी रेंगाळली तेव्हा या बायकांनी हॉलच्या दारातच बैठक मारली, तह झाल्याशिवाय एकाही पुरुषाला बाहेर सोडणार नाही. 2011 ला तिला नोबेल मिळालं. आमच्या तालुक्यात दारूबंदीला बायका अशाच दुकानासमोर बसल्या होत्या, म्हणून हे माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

पूर्णा_जंक्शन
सगळ्यांना नमस्कार. धागा तीन दिवस वाचतोय, आज ड्युटीवरून आलो आणि लॉगिन केलं. धागाकर्ते विचारतात मराठवाड्यात लुथरन आहेत का. आहे. निदान एक घर तरी आहे, आमचं.
आम्ही मूळ गुंटूरकडचे. नांदेड डिव्हिजन दक्षिण मध्य रेल्वेचं, हेडऑफिस सिकंदराबाद, त्यामुळं तेलुगू माणसं इकडं बदलून येतात. वडील पूर्णेला आले, मी रेल्वे कॉलनीत वाढलो, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. गुंटूरला 1842 ला हायर नावाचा पाद्री अमेरिकेहून आला, तेव्हाच पन्नाशीला टेकलेला. जाऊन परत आला, आणि शेवटी 1869 ला शहात्तर वर्षांचा असताना परत राजमुंद्रीला हजर! त्याच्यामागून 1883 ला डॉक्टर अ‍ॅना कुग्लर आल्या, बायकांना पुरुष डॉक्टरला दाखवायची सोय नव्हती त्या काळात, 1898 ला त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं. माझ्या आजीचा जन्म तिथला, आजी हे आधारकार्डासारखं सांगायची.
पण लुथरन म्हणजे काय हे मला विचाराल तर आजीची प्रश्नोत्तरी. लूथरनं 1529 ला घरातल्या पोरांसाठी लहान पुस्तक लिहिलं, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना वगैरे, आणि प्रत्येक ओळीखाली एकच प्रश्न, याचा अर्थ काय? आजी पूर्णेच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसून शेंगा फोडायची आणि आम्हाला एकेक ओळ म्हणायला लावायची. मग शेंगेचं फोलपट आमच्याकडं फेकून म्हणायची, अर्थमेमि? उत्तर आलं तर दाणे, नाही तर फोलपट. शेजारची मराठी पोरं पण दाण्यांसाठी येऊन बसायची, एका पोराला तर अख्खी तेलुगूत पाठ झाली होती, आज तो गणेश मंडळाचा अध्यक्ष आहे. भेटला की लांबूनच ओरडतो, अर्थमेमि!
इथं लुथरन चर्च कुठून असणार, आम्ही इथल्याच मराठी मंडळीत जातो. मराठी भजनं पेटी-तबल्यावर म्हणतो, वडिलांना टिळकांचे अभंग तेलुगू उच्चारात पाठ. प्रभुभोजनाबद्दल (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) आमची आणि त्यांची शिकवण थोडी वेगळी आहे, वडिलांनी एकदा पाळकसाहेबांशी त्यावरून तासभर वाद घातला, मग दोघांनी मिळून चहा घेतला आणि विषय कायमचा बंद.

लातूरचा_बाप्पा
आता धागा पावला.

सलाम_जालना
पूर्णा, सलाम. तुमच्या आजीसारखी आमची पण होती, फक्त ती शेंगा द्यायची नाही, नुसतं फोलपटच.

रोखठोक_नांदेडकर
पूर्णेचे गणेश मंडळाचे अध्यक्ष कोण ते मला बहुतेक कळलं. आमचे पाहुणे निघतील. त्यांना फोन करून विचारतो, अर्थमेमि.

वरणफळ
नांदेडकर फोन लावताना पॉपकॉर्न मी पाठवतो.

जालन्याचं_बियाणं
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ड्रायव्हरला धागा वाचून दाखवला, त्याला सर्फोजी आणि शेंगा आवडल्या, बाकी त्याला झोप लागली. पुढच्या आठवड्यात परत बैतूल आहे, टाक्याची जागा अधूनमधून दुखती म्हणतो, तर त्याला पाढरला दाखवून आणतो.
पूर्णाभाऊ, 31 ऑक्टोबरला घरी काही असतं का? तपोवननं येतो, शेंगा मी आणतो, यंदा आमच्याकडं भुईमूग बरा आहे.

पूर्णा_जंक्शन
या की. आजी नाही आता, पण फोलपट फेकायला आई आहे. पहिली आज्ञा पाठ करून या.